ट्रकचा हौदा काय सांगतो?

ट्रक पाहताना आपले लक्ष प्रथम इंजिनाकडे, मग चाकांकडे जाते. मागच्या हौद्याकडे कोणी फारसे पाहत नाही. माल ठेवायची पेटी, यापलीकडे त्यात काय असणार? पण कोणता ट्रक कशासाठी बनवला हे ओळखायचे असेल, तर इंजिनापेक्षा हौदाच अधिक बोलका असतो. त्याची लांबी, जमिनीवरचे उंचवटे, फळ्यांची उंची, यांपैकी प्रत्येक गोष्टीमागे शालेय भौतिकशास्त्रातला एखादा नियम उभा असतो.

हे समजून घ्यायला लष्कराच्या जुन्या ट्रकांइतके चांगले उदाहरण नाही. एरवी दोन ट्रकांची तुलना करताना इंजिन, चासी, टायर असे सगळेच वेगळे असते. लष्कराला मात्र सुटे भाग आणि दुरुस्ती सोपी राहावी म्हणून एकच इंजिन आणि जवळजवळ एकच चासी हवी असते, आणि तिच्यावर कामानुसार वेगवेगळे हौदे बसवले जातात. प्रयोगात आपण बाकी सारे स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलतो, तसाच हा प्रकार.

अमेरिकेच्या सैन्यात १९५० च्या सुमारास आलेले एम-३५ हे सहा चाकांना शक्ती देणारे ट्रकांचे कुटुंब आपण घेऊ. त्याचे बोलीतले नाव ‘ड्यूस-अँड-अ-हाफ’, म्हणजे ‘अडीच’. रस्ता सोडून जाताना त्याने अडीच अमेरिकन टन, म्हणजे सुमारे २,२७० किलोग्रॅम माल न्यावा, अशी मर्यादा होती. पक्क्या रस्त्यावर ती दुप्पट, सुमारे ४,५४० किलोग्रॅम. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हौदा ‘भरणे’ म्हणजे काय?

एम-३५ चा हौदा आतून सुमारे ३.७ मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद. म्हणजे तळाचे क्षेत्रफळ साधारण ८.१ चौरस मीटर. वाळूच्या एका घनमीटरचे वजन सुमारे १,६०० किलोग्रॅम धरले, तर रस्ता सोडून जाताना या हौद्यात वाळूचा थर किती जाड चालेल? विद्यार्थ्यांना हे गणित आधी अंदाजाने आणि मग आकडेमोडीने करू द्यावे. उत्तर येते जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर! पक्क्या रस्त्यावर ३५.

म्हणूनच या हौद्याच्या पोलादी बाजू ठेंगण्या आहेत. त्यांच्यावर लाकडी पट्ट्यांची उंच जाळी बसवता येते, पण ती सैनिक, खोकी, गाठोडी अशा जागा अडवणाऱ्या पण हलक्या भारासाठी. त्या जाळीतल्याच काही पट्ट्या खाली दुमडल्या की सैनिकांची बाके होतात. बाजूची उंची ही एक प्रकारची मोजपट्टीच आहे. पुढे असा ट्रक कोणी लिलावात घेतला आणि जाळीच्या जागी उंच पत्रे ठोकून त्यात काठोकाठ वाळू भरली, तर त्याने हौदा मोठा केला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने मोजपट्टी पुसून टाकलेली असते.

जमिनीवरचे उंचवटे

याच कुटुंबातला एम-३४ पाहिला, तर हौद्याच्या तळावर दोन्ही बाजूंना चाकांच्या जागी पेटीसारखे उंचवटे दिसतात. एम-३५ चा तळ मात्र सपाट आहे. फरक आहे तो टायरांचा. एम-३४ ला तीन आसांवर मिळून सहाच, पण मोठे टायर होते. एम-३५ ला पुढे दोन आणि मागे जोडटायर, असे एकूण दहा, पण लहान टायर.

एकेरी टायरांचा फायदा चिखलात आणि वाळूत. पुढच्या चाकाने दाबून केलेल्या चाकोरीतूनच मागचे चाक जाते. त्याला नवी वाट दाबावी लागत नाही. जोडटायरांना ती दाबावी लागते, शिवाय त्यांच्या फटीत दगड अडकतात. पण मोठे चाक खड्ड्यातून वर उसळले, की त्याला जागा हवी. ती हौद्याच्या तळातूनच द्यावी लागते. मग मोठी खोकी नीट बसत नाहीत. म्हणजे चिखलातली चाल हवी की सपाट तळ, असा हा सौदा होता. सैन्यात पुढे अनेक वर्षे टिकला तो सपाट तळाचा एम-३५.

लांबी आणि तरफ

तिसरा भाऊ एम-३६. त्याचा हौदा १२ ऐवजी सुमारे १७ फूट लांब. पण वजनाची मर्यादा वाढलेली नाही. लांब हौदा जास्त मालासाठी नव्हे, तर लांब किंवा फुगीर मालासाठी असतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की हौद्याबरोबर चासीही लांबवली होती. पुढच्या आसापासून मागच्या दोन आसांच्या मध्यापर्यंतचे अंतर एम-३५ मध्ये १५४ इंच, म्हणजे ३.९ मीटर, एम-३६ मध्ये ते १९० इंच, म्हणजे ४.८ मीटर.

चासी तशीच ठेवून हौदा फक्त मागे वाढवला असता तर? मागच्या आसांचा मध्य हा तरफेचा टेकू समजा. २,२७० किलोग्रॅम भाराचा गुरुत्वमध्य टेकूच्या ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर पुढच्या चाकांवर सुमारे २३० किलोग्रॅम वाढतात. तोच भार ४० सेंटिमीटर मागे सरकला, तर पुढच्या चाकांवरून तेवढेच कमी होतात. भार जितका मागे, तितकी पुढची चाके हलकी, आणि वळण घेण्याचे काम तर त्यांनाच करायचे असते.

याउलट, आखूड हौद्यालाही कारण असते. दुसऱ्या महायुद्धात ‘जीएमसी’चे सीसीकेडब्ल्यू नावाचे अडीच टनी ट्रक पाच लाखांहून अधिक बनले. त्यांत १२ फुटी हौद्याबरोबर ९ फुटी हौद्याचाही प्रकार होता, मुख्यतः तोफा ओढण्यासाठी. तोफ मागे जोडलेली असते. हौद्यात फक्त माणसे आणि दारूगोळा. आखूड गाडी कमी जागेत वळते. याच ट्रकांचे हौदे १९४२ पासून काही काळ लाकडी झाले. त्यामागे भौतिकशास्त्र नसून टंचाई होती. पोलाद रणगाडे आणि जहाजांसाठी हवे होते.

पिळवटणारी चासी

खडबडीत जमिनीवर एक चाक खड्ड्यात आणि समोरचे उंचवट्यावर असे झाले, की चासी पिळवटते. ती तशी पिळवटावी अशीच योजना असते, कारण त्यामुळे सगळी चाके जमिनीला टेकून राहतात. पण वर बसवलेला हौदा घट्ट आणि ताठ असेल, तर काय होईल?

बुटांचे रिकामे खोके घ्या. झाकण काढून त्याची समोरासमोरची टोके विरुद्ध दिशांना पिरगळा. ते सहज वळते. आता झाकण लावून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि पुन्हा पिरगळा. खोके ताठ झालेले असते. वरून उघडा हौदा हा बिनझाकणाचा खोका आहे. कमानींवरची ताडपत्री त्याला ताठ करत नाही. शिवाय एम-३५ च्या हौद्याचे पुढचे बोल्ट स्प्रिंगांवर घेतलेले असतात, म्हणजे चासी वळली तरी हौदा थोडा सुटा राहतो. अशा चासीवर कोणी पत्र्याची बंद खोली ठोकून, ती चारही कोपऱ्यांत घट्ट आवळून बसवली, तर खोलीचे सांधे तरी फाटतात किंवा चासीला तडे तरी जातात.

पाण्याची टाकी

आता सगळ्यात गंभीर प्रकरण. याच चासीवर एम-४९ हा इंधनाचा टँकर होता, १,२०० अमेरिकन गॅलनचा, म्हणजे सुमारे ४,५४० लिटरचा. पाण्याचा टँकर एम-५० मात्र १,००० गॅलनचा, म्हणजे ३,७८५ लिटरचा. चासी तीच, मग पाण्याची टाकी लहान का? उत्तर घनतेत आहे. पेट्रोलच्या एका लिटरचे वजन सुमारे ०.७४ किलोग्रॅम, म्हणून भरलेल्या एम-४९ मधले पेट्रोल सुमारे ३,३६० किलोग्रॅमचे. तीच टाकी पाण्याने भरली तर ४,५४० किलोग्रॅम! पक्क्या रस्त्याची मर्यादा नुसत्या पाण्यानेच संपली. टाकीच्या पत्र्याचे वजन वेगळेच.

हा प्रश्न कागदावरचा नाही. सैन्याने काढून टाकलेले असे ट्रक अमेरिकेतल्या कितीतरी ग्रामीण अग्निशमन दलांकडे गेले आणि त्यांच्यावर पाण्याच्या टाक्या चढल्या. वणवा विझवायला जाणारी गाडी रस्ता सोडूनच जाणार. तिथली मर्यादा २,२७० किलोग्रॅम, म्हणजे टाकी वजनरहित मानली तरी २,२७० लिटर पाणी. त्याहून मोठी टाकी बसवणारा वाढवतो ते पाणी नव्हे, धोका.

धोका किती, तेही काढता येते. चाकांमधले अंतर १.८ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची १.२ मीटर समजा. ०.९ भागिले १.२ म्हणजे ०.७५, गाडी सुमारे ३७ अंशांच्या उतारावर आडवी होईल. गुरुत्वमध्य १.५ मीटरवर गेला, की हा कोन ३१ अंशांवर येतो. ३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कलंडण्याचा वेग ताशी ५३ वरून ४८ किलोमीटरवर उतरतो. प्रत्यक्षात पाटे आणि टायर दबतात, त्यामुळे खरी मर्यादा याहूनही कमी असते.

त्यात टाकी अर्धी भरलेली असेल, तर गाडी कलली की पाणीही खालच्या बाजूला धावते आणि गुरुत्वमध्य आणखी त्याच बाजूला सरकतो. ब्रेक मारला की तेच पाणी पुढे धडकते. एम-४९ च्या टाकीत कप्पे आहेत ते याचसाठी. माल कमी न्यायचा असेल, तर सगळी टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा काही कप्पे काठोकाठ भरावेत आणि बाकीचे कोरडे ठेवावेत. काठोकाठ भरलेल्या कप्प्यात पाण्याला धावायला जागाच नसते.

वर्गात करून पाहा

खेळण्यातल्या ट्रकवर घट्ट झाकणाचा चपटा प्लॅस्टिकचा डबा बांधा. तो अर्धा पाण्याने भरा. ट्रक एका फळीवर आडवा ठेवा. घसरू नये म्हणून खालच्या चाकांलगत बारीक पट्टी ठोका. फळी हळूहळू उचला आणि ट्रक कलंडतो तो कोन कोनमापकाने मोजा. मग तोच डबा रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात सपाट ठेवून पाण्याचा बर्फ करा आणि पुन्हा मोजा. वजन तेच, डबा तोच. बदललेले आहे ते एवढेच, की आता पाणी हलू शकत नाही. दोन कोनांतला फरक विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेला असावा.

आपल्याकडेही लष्कराच्या वापरातून काढलेल्या गाड्यांचे लिलाव होतात, आणि पाण्याचे टँकर तर उन्हाळ्यात गावोगाव दिसतात. पुढच्या वेळी एखादा टँकर किंवा वाळूचा ट्रक दिसला, की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगावेत. हा हौदा मुळात कशासाठी बनवला होता? आता त्यात काय भरले आहे? आणि या दोहोंच्या घनतेत किती फरक आहे? उत्तर अंदाजाने काढता आले, तरी त्या गाडीपासून किती अंतरावर सायकल चालवावी, हे त्यांचे त्यांना कळेल.