थोरांशी दीर्घ संवाद : ध्येय आणि महत्त्वाकांक्षा यांचा शोध

मनुष्य काय झाला हे जगाला दिसते. तो तसा का झाला, हे मात्र त्याला विचारल्यावाचून कळत नाही. आणि घाईने विचारले, तर पुष्कळदा त्याचे त्यालाही नीट सांगता येत नाही. आपल्याकडे कर्तबगार माणसाचा गौरव करण्याची एक ठरलेली रीत आहे. शाल, श्रीफळ, मानपत्राचे वाचन, चार गौरवपर भाषणे, आणि शेवटी सत्कारमूर्तींचे दहा मिनिटांचे उत्तर. समारंभ गोड होतो, सभासद घरी जातात, आणि सभेत बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला त्या माणसाची पदवी व पद एवढेच कळलेले असते. त्याने काय सोडले, कोणत्या वर्षी त्याचा धीर सुटत होता, घरच्यांनी काय सोसले, हे त्या सभेत कोणी विचारत नाही. आपल्या संस्थेच्या या महोत्सवी अंकात आम्ही ज्या विषयाकडे सभासदांचे लक्ष वेधू इच्छितो तो हाच. उद्योजक, प्रवासी आणि विचारवंत यांच्याशी निवांत बसून केलेला दीर्घ संवाद म्हणजे काय, आणि तो आपल्याला का हवा आहे?

प्रथम दोन शब्दांमधला भेद स्पष्ट करू. महत्त्वाकांक्षा म्हणजे मला कोठे पोहोचायचे आहे याचे उत्तर. ध्येय म्हणजे मी कशासाठी झिजणार आहे याचे उत्तर. या दोहोंत वैर नाही. महत्त्वाकांक्षेवाचून ध्येय पांगळे राहते, आणि ध्येयावाचून महत्त्वाकांक्षा पहिल्याच अडचणीत दिशा हरवते. पण महत्त्वाकांक्षा एका वाक्यात सांगता येते. ध्येय तसे सांगता येत नाही. ज्या दिवसांत लाभ काहीच नव्हता त्या दिवसांतही माणूस कोणते काम करीत राहिला, यावरून ते ओळखावे लागते. ते दिवस बोलण्यात यायला वेळ लागतो. संवाद दीर्घ हवा तो एवढ्यासाठीच.

हा प्रश्न आपल्या गावापुरता तरी केवळ तात्त्विक नाही. आपल्या डिचोली तालुक्याने खाणींचा भरभराटीचा काळ पाहिला. कित्येक घरांनी कर्जे काढून ट्रक घेतले. २०१२ साली खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ज्या घरांची सारी उमेद त्या एका धंद्याला बांधलेली होती, तेथे 'आता पुढे काय?' या प्रश्नाला उत्तर नव्हते. दुसरीकडे जमिनीचा प्रश्न पाहा. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण मयेतील स्थलांतरित मालमत्तेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या व कसणाऱ्या कुटुंबांना हक्काच्या कायद्यासाठी २०१४ सालापर्यंत वाट पाहावी लागली. अर्धशतकाहून अधिक काळ जी माणसे अर्ज, बैठका आणि मोर्चे यांत टिकून राहिली, ती कोणत्या बळावर टिकली? त्यांतील कित्येक आज हयात नाहीत. त्यांना निवांतपणे विचारून ठेवायला हवे होते, ही हळहळ आपल्यापैकी अनेकांना असेल.

संवादाची ही पद्धत आपल्याला नवी नाही. पाली भाषेतील 'मिलिंद-प्रश्न' हा ग्रंथ म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्यातील प्रदीर्घ प्रश्नोत्तरेच होत. त्यात चर्चेच्या आरंभीच नागसेन एक अट घालतो. राजा पंडितासारखा बोलणार असेल तर चर्चा होईल, राजासारखा बोलणार असेल तर होणार नाही. कारण पंडित आपले म्हणणे खोडले गेले तरी रागावत नाहीत, राजे मात्र विरुद्ध बोलणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. दीर्घ संवादाचा पहिला नियम तो हाच. तेथे मोठेपणा दाराबाहेर ठेवावा लागतो. सत्कारसमारंभात मोठेपणा व्यासपीठावर बसलेला असतो, म्हणून तेथे संवाद होत नाही. अलीकडच्या काळातील उदाहरण पाहायचे तर महादेवभाई देसाई १९१७ पासून १९४२ साली मृत्यू येईपर्यंत गांधीजींबरोबर राहिले आणि त्यांची बोलणी रोजनिशीत टिपत गेले. पंचवीस वर्षांच्या त्या नोंदींत भाषणांबरोबर जेवणाखाणाच्या, आजारपणाच्या आणि शंकांच्या वेळचे गांधीजीही सापडतात.

आता आपल्याच भूमीतील एका विचारवंताकडे वळू. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे झाला. विवाह लहान वयात झाला. बुद्धचरित्रासंबंधी मराठी मासिकात वाचले आणि त्या धर्माचे ज्ञान मूळ ग्रंथांतून मिळवायचे, हा ध्यास त्यांनी घेतला. त्यासाठी संस्कृत हवे, पाली हवी. आणि तेव्हाच्या गोव्यात ते शिकण्याची सोय नव्हती. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत ते सिलोनात पोहोचले आणि तेथील विद्यालयात पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. परतल्यावर त्यांना कलकत्त्यात अध्यापनाचे काम मिळाले. तेवढ्यात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना मासिक ५० रुपये देऊ केले; अट अशी की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहून द्यावेत. कलकत्त्याची अधिक मिळकत सोडून कोसंबींनी हे ५० रुपये पत्करले, कारण आपल्या लोकांत, आपल्या भाषेत हे ज्ञान पोहोचवायचे हा त्यांचा मूळ हेतू होता. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते अमेरिकेस गेले, पुढे पुन्हा पुन्हा गेले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगातही गेले. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचा देह पडला.

अशा माणसाला दहा मिनिटे मिळाली तर आपण काय विचारू? अमेरिका कशी वाटली, किती भाषा येतात, तरुणांना संदेश काय? दोन तास मिळाले तर मात्र विचारता येईल की ५० रुपयांत संसार कसा मांडला. सिलोनात परक्या अन्नाने प्रकृती बिघडली तेव्हा परत फिरावेसे वाटले का. आणि ज्या घराला मागे ठेवले त्या घराचे ऋण कसे मोजले. कोसंबींनी 'निवेदन' हे आत्मवृत्त १९२४ साली प्रसिद्ध केले आणि त्यात आपल्या मनाची उलघाल पुष्कळशी मोकळेपणाने सांगितली, हे आपले भाग्य. पण सगळेच काही लिहिणारे नसतात. आणखी एक गोष्ट. ध्येयाची किंमत एकटा ध्येयवादी देत नाही, त्याचे घरही देते. म्हणून पूर्ण संवादात बाळाबाईंच्या बाजूलाही आसन असावे लागते. पतीविना काढलेल्या त्या वर्षांत त्यांनी काय केले, हे ऐकल्यावाचून धर्मानंदांची कथा अर्धीच राहते. कर्त्या पुरुषाबरोबर त्याची पत्नी, कर्त्या स्त्रीबरोबर तिची सासू किंवा भाऊ यांनाही प्रश्न विचारावेत असे आम्ही म्हणतो, ते याच कारणाने.

विचारवंताकडून आता उद्योजक व प्रवासी यांच्याकडे जाऊ. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मयेहून नार्व्याला उतरावे आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडावी की दिवाडी बेट लागते. या बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात 'म्हादई' ही ५६ फूट लांबीची शिडाची नौका बांधली गेली आणि २००९ साली ती भारतीय नौदलात दाखल झाली. कल्पना होती निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. एखाद्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. त्या हाकेला नौदलातील पाणबुडे अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००६ साली ओ दिली. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून एकटे निघाले आणि ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली व दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन असे चार मुक्काम करून १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले. असे करणारे ते पहिले भारतीय ठरले.

येथेही घाईचा प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे 'भीती वाटली नाही का?' त्याचे उत्तर काहीही मिळाले तरी ऐकणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. खरा प्रश्न हा की २००६ ते २००९ या तीन वर्षांत काय केले? त्याचे उत्तर शिकण्यासारखे आहे. १९६८-६९ मध्ये एकट्याने व न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन दोंदे शिकले. आणि दिवाडीला नौका बांधली जात असताना त्या कामात ते सतत गुंतलेले राहिले. भर समुद्रात काही मोडले तर दुरुस्त करायला दुसरे कोणी नसते. म्हणून नौकेचा सांधा न्‌ सांधा माहीत असणे हीच सुरक्षितता. म्हणजे ज्याला आपण धाडस म्हणतो, त्याचा मोठा भाग शांतपणे केलेली तयारी असतो. नऊ महिन्यांच्या सफरीमागे तीन वर्षांची तयारी होती, हे मुलांना कळले पाहिजे.

नौका बांधणाऱ्याला विचारण्यासारखेही पुष्कळ आहे. नफातोट्याचा हिशेब मांडून चालणारा उद्योजक असे काम का अंगावर घेतो? एक नौका बांधून पैसा किती सुटेल याची खात्री नसते, पण चुकली तर एका माणसाचा जीव जाईल याची मात्र असते. त्या एका कामातून पुढे काय निघाले ते पाहा. याच 'म्हादई'तून अभिलाष टॉमी यांनी नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. दिवाडीलाच बांधलेल्या 'तारिणी'तून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये परतल्या. त्याच नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ अशी प्रदक्षिणा केली. अजिंठ्याच्या एका चित्रावरून, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून तयार केलेले 'कौंडिण्य' हे जहाजही दिवाडीचेच. ते मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. नदीच्या पलीकडे एवढे घडले. आपल्या गावातील किती मुलांनी फेरी ओलांडून ते विचारले असेल?

आता पद्धतीविषयी थोडे. असा संवाद दोन तासांचा असावा, आणि शक्य तर दोन बैठकांत व्हावा. पहिल्या बैठकीत ओळख होते, दुसरीत खरे बोलणे होते. जाण्यापूर्वी त्या व्यक्तीची माहिती वाचून जावे, म्हणजे जन्मसाल विचारण्यात वेळ जात नाही. आरंभ मोठ्या तत्त्वाने करू नये. हातच्या कामाने करावा. 'जीवनाचे ध्येय काय?' असे विचारले की माणूस भाषण करू लागतो. 'सकाळी यार्डात गेल्यावर पहिल्यांदा काय पाहता?' असे विचारले की तो बोलू लागतो. पैशाविषयी आडपडदा न ठेवता पण अदबीने विचारावे, कारण तरुणांना नेमके तेच कळत नाही आणि कोणी सांगतही नाही. अपयशाचे वर्ष विचारावे. उत्तर संपल्यावर क्षणभर गप्प राहावे. बहुतेक वेळा मोलाचे वाक्य त्या शांततेनंतर येते. बोलणारा कोकणीत बोलेल तर कोकणीत, मराठीत बोलेल तर मराठीत जसेच्या तसे टिपावे. आता प्रत्येक घरात मोबाइल आहे, तेव्हा ध्वनिमुद्रणाची अडचण राहिलेली नाही; मात्र त्यास आधी संमती घ्यावी, आणि लिहून काढल्यावर त्यांना वाचून दाखवावे.

आणि थोर म्हणजे केवळ वर्तमानपत्रात नाव आलेला, असेही समजू नये. ज्या बाईने पतीच्या माघारी बागायत राखून तीन मुलांना शिकवले, ती उद्योजकच. जो बोटीवर चाकरी करून तीस वर्षांनी गावी परतला, तो प्रवासीच. खाण बंद पडल्यावर ट्रक विकून ज्याने पुन्हा शेत धरले, त्याने ध्येयाचा विचार पुस्तकी पंडितापेक्षा कमी केलेला नसतो.

आमची सूचना साधी आहे. संस्थेने दरवर्षी एक सत्कार कमी करावा आणि एक संवाद वाढवावा. प्रश्न विचारण्याचे काम शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर सोपवावे, आणि त्या संवादाची प्रत संस्थेच्या दप्तरी ठेवावी. आपण मुलांना फी देतो, वह्या देतो. ते चांगलेच आहे. पण कशासाठी शिकायचे, हे शोधायला त्यांना मोठ्यांची सोबतही द्यायला हवी. कोसंबींना गुरूच्या शोधात सिलोनपर्यंत जावे लागले. आपल्या मुलांना निदान आरंभ तरी स्वतःच्या अंगणात, वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून करता यावा. सभासदांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी या सूचनेचा विचार करावा, आणि पहिले नाव आपल्याच घरातून सुचवावे, अशी आमची विनंती आहे.