आवाज चढवावयास शिकविणारी शाळा

असोदा हें जळगांवच्या कुशींतलें गांव. बहिणाबाई चौधरी यांचें हें माहेर. १८८० सालीं त्यांचा जन्म येथें झाला. भरिताच्या वांग्यांमुळें तर या गांवाचें नांव खानदेशांत घरोघरीं ठाऊक आहे. यंदां सुटींत आम्ही येथें एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों होतों. सायंकाळीं ओट्यावर बसलों असतां डोक्यावरून एक लहानसें विमान जळगांवच्या धावपट्टीकडे उतरत गेलें, आणि घरांत महिनाभर धुमसत असलेला विषय आमच्यापुढें आला.

घरांतील नात पदवीच्या शेवटच्या वर्षांत आहे. विमानांतील सेविकेच्या जागेसाठीं तिनें अर्ज केल्याचें कळल्यापासून घरांत दोन तट पडले होते. आम्ही गेलीं कित्येक वर्षें विमानांतील सेवकवर्गास शिकविण्याचें काम करीत असल्यामुळें न्यायनिवाडा आमच्याकडे येणें क्रमप्राप्तच होतें.

माई म्हणाल्या, "रागावूं नका हं, पण परक्यांपुढें ताटें मांडायचीं आणि उष्टीं काढायचीं, याला शाळा कशाला हवी? तें आमच्याकडे प्रत्येक मुलीला आईच शिकवते."

अण्णांचा आक्षेप निराळा होता. "ताटांचें काय घेऊन बसलीस? २०२५ च्या जूनमध्यें अहमदाबादेस विमान कोसळलें, त्यांत दहा सेवक-सेविका गेल्या. हें यांना विचार."

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्हीं त्यांस जें उत्तर दिलें, तेंच थोड्या विस्तारानें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम माईंचा प्रश्न. विमानांत स्त्रीसेविका नेमण्याची प्रथा १९३० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत सुरू झाली. एलेन चर्च नांवाची ती पहिली सेविका शिकलेली परिचारिका होती, आणि आरंभीं परिचारिकांनाच या जागा मिळत. म्हणजे या धंद्याचें मूळ पाकशाळेंत नसून रुग्णालयांत आहे. आपल्याकडे ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून लंडनला पहिलें विमान निघालें; पुढें पाहुणचार हेंच या कामाचें मुख्य अंग आहे असा समज लोकांत रूढ झाला, आणि जाहिरातींनीं तो वाढविला. परंतु कायदा सेविकेला विमानांत बसवितो तो चहासाठीं नव्हे. किती सेविका हव्यात हें ताटांवरून ठरत नाहीं, आसनांवरून ठरतें. सत्तर आसनांच्या विमानांत निदान दोघी, एकशें ऐशी आसनांच्या विमानांत निदान चौघी, मग प्रवाशांना पाण्याचा घोटहि द्यावयाचा नसला तरी. त्या नसतील तर विमान प्रवाशांना घेऊन उडूंच शकत नाहीं.

त्यांचें खरें काम नव्वद सेकंदांचें आहे. मोठ्या प्रवासी विमानास मान्यता देतांना अशी कसोटी लाविली जाते कीं, अर्धीं दारें बंद असतांनाहि सर्व माणसें नव्वद सेकंदांत बाहेर पडलीं पाहिजेत. कारण विमानांत आगीपेक्षां धूर आधीं मारतो. १९८५ च्या ऑगस्टमध्यें मँचेस्टरच्या विमानतळावर एक विमान जमिनीवरच पेटलें. तें आकाशांत चढलेंहि नव्हतें. तरी ५५ माणसें दगावलीं, आणि त्यांतील बहुतेकांचा जीव धुरानें घेतला.

आमच्या शाळेंत म्हणूनच ताटांना थोडे तास आणि दारांना फार तास असतात. तेथें विमानाचा सांगाडा उभा केलेला असतो. त्यांत निरुपद्रवी धूर सोडून आम्ही विद्यार्थ्यांना आसनें हातानें मोजीत दाराकडे जावयास लावतों. दार उघडण्यापूर्वीं खिडकींतून बाहेर पाहावें लागतें, कारण बाहेर ज्वाळा असतील तर तें दार उघडणें म्हणजे आग घरांत घेणें. घसरगुंडीवरून उडी, पाण्यांतील तराफा, बॅटरीची आग विझविणें, थांबलेलें हृदय छाती दाबून चालू करण्याचा यत्न आणि प्रसंग आल्यास बाळंतपणहि, एवढें सारें कांहीं आठवड्यांत अंगवळणीं पाडावें लागतें. पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब एकाएकीं गेला तर माणसाची शुद्ध अर्ध्या ते एका मिनिटांत हरपूं लागते. म्हणून प्राणवायूचा मुखवटा आधीं स्वतःस लावावा, मग दुसऱ्यास, हें आम्ही घोकून घेतों. "आधीं दुसऱ्याला वाढ, मग तूं जेव," असे संस्कार घेऊन आलेल्या मुलींना हा पाठ सर्वांत जड जातो.

त्याहून जड पाठ ओरडण्याचा. आपल्या घरांतून मुलीला लहानपणापासून हळू बोलावयास शिकविलें जातें. वडीलधारीं माणसें बसलीं असतां आवाज चढला तर आई डोळे वटारते. आमच्याकडे हींच मुलगी येते, आणि तिला आम्ही सांगतों कीं, समोर तुझ्या वडिलांच्या वयाचा गृहस्थ पेटी उचलीत थांबला असेल, तर त्याच्यावर खेंकस, "सामान सोडा! इकडे या! उडी मारा!" लेखी परीक्षेंत पहिल्या आलेल्या मुली येथें अडखळतात. आवाज फुटत नाहीं, फुटला तर शेवटीं "प्लीज" येतें. त्या वेळीं आम्ही त्यांना २ जानेवारी २०२४ ची गोष्ट सांगतों. तोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरतांना एक जपानी विमान धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलें. दुसऱ्या विमानांतील पांच जण गेले. परंतु या विमानांतील ३७९ माणसें एकूणएक वांचलीं. ध्वनिक्षेपक बंद पडला होता, आठांपैकीं तीनच दारें उपयोगाचीं होतीं; सेविकांजवळ उरला होता कर्णा आणि स्वतःचा गळा. प्रवाशांनीं सामान सोडलें, कारण त्यांना तसें ओरडून सांगणारें कोणी होतें.

आमच्याच हातून झालेली एक चूकहि येथें कबूल केली पाहिजे. एका वर्गांत आडगांवची एक मुलगी होती. तिचें इंग्रजी मोडकें, केंसांची ठेवण नीट नाहीं, म्हणून आम्ही वर्गासमोर तिला वारंवार टोंचीत असूं. हिचें कांहीं खरें नाहीं, असा शेराहि मनांत लिहून झाला होता. धुराच्या परीक्षेच्या दिवशीं तिच्या गटांतील हुशार म्हणविणारीं मुलें उलट्या बाजूस गेलीं. तिनें मात्र वाकून, आसनें मोजून दार गांठलें, आणि परत हांका मारून इतरांना त्या आवाजावर ओढून आणलें. शिक्षकानें उच्चार तपासावेत, पण माणूस उच्चारावरून तपासूं नये, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों. तिची क्षमा मागावयास मात्र आम्हांला आणखी चार दिवस लागले.

आतां अण्णांचा प्रश्न. धोका नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं मुंबईहून निघालेलें विमान कराचीस अतिरेक्यांनीं ताब्यांत घेतलें, तेव्हां नीरजा भानोत हिनें वैमानिकांना सावध केलें, प्रवाशांना बाहेर काढलें आणि स्वतः प्राण दिले. तिचें वय तेव्हां तेवीसहि नव्हतें. सरकारनें तिला मरणोत्तर अशोकचक्र दिलें. अहमदाबादेच्या अपघातासारख्या प्रसंगीं तर कोणतेंहि शिक्षण पुरें पडत नाहीं, आणि तें पुरें पडेल असें आम्ही विद्यार्थ्यांना कधींहि सांगत नाहीं. परंतु असे अपघात विरळा. ज्यांत वेळ मिळतो असे प्रसंग त्याहून अधिक, आणि त्यांत शिकलेलें माणूस आणि न शिकलेलें माणूस यांत जीवनमरणाचें अंतर पडतें. म्हणूनच उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळीं सेविका गप्प बसलेली दिसते, तेव्हां ती विसांवा घेत नसते. आतां कांहीं घडलें तर कोणतें दार, कोणता हुकूम, याची मनांत उजळणी करीत असते. दर वर्षीं तिला पुन्हां परीक्षेस बसावें लागतें, आणि ती उतरली नाहीं तर उड्डाण बंद.

घरच्या मंडळींनीं धोक्याइतक्याच आणखी दोन गोष्टी विचारांत घ्याव्यात. पहिली म्हणजे संसार. एके काळीं एअर इंडियांत सेविकेची नोकरी पस्तिसाव्या वर्षीं, अथवा चार वर्षांच्या आंत लग्न केल्यास, अथवा पहिल्या गरोदरपणीं संपत असे. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यांत १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गरोदरपणाची अट रद्द केली. लग्नाची अट मात्र तेव्हां कायम राहिली. आज विवाहित व लेंकुरवाळ्या सेविका उघडपणें काम करितात. परंतु अपरात्रीं घर सोडावें लागतें, झोंप मोडते, सणाला रजा मिळेलच असें नाहीं. लेंकरूं पाहावयास आजी घरांत असेल तर एकत्र कुटुंबासारखा आधार दुसरा नाहीं.

दुसरी गोष्ट पैशाची. हमखास नोकरीचें आमिष दाखवून भारी शुल्क घेणारे वर्ग ठिकठिकाणीं निघाले आहेत. तेथें चालणें, बोलणें, नटणें शिकवितात. तें वाईट नाहीं. परंतु उड्डाणाची पात्रता देणारें खरें शिक्षण विमानकंपनी निवड झाल्यानंतर, नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार देववीत असते. अशा एका वर्गासाठीं शेत गहाण टाकलेला बाप आम्हीं पाहिला आहे. म्हणून शुल्क भरण्यापूर्वीं मुलीनें कंपन्यांच्या निवडीस थेट बसून पाहावें.

हें सर्व ऐकून माई कांहीं वेळ वाती वळीत राहिल्या. मग नातीकडे वळून म्हणाल्या, "बघूं तरी, कशी ओरडतेस ती."

नात लाजली. पहिल्यानें आवाज उंबऱ्याबाहेरहि गेला नाहीं. आम्हीं सांगितलें, पोटांतून काढ, गळ्यांतून नको. दुसऱ्यांदा तिनें "सामान सोडा!" अशी आरोळी ठोकली कीं, शेजारच्या घरांतून दोघे जण काय झालें म्हणून धांवत आले, आणि अण्णांच्या हातांतील अडकित्ता खालीं पडला. सारीं माणसें हंसलीं, माईहि हंसल्या.

निकाल आम्हीं दिला नाहीं, तो आमचा अधिकारहि नव्हे. अण्णा मात्र अडकित्ता उचलून एवढेंच म्हणाले, "पगार किती आणि राहायची सोय कोठें, तें आतां नीट सांगा." रात्रीं जेवणें आटोपेपर्यंत तोच विषय चालला होता.