क्षयाचे जंतू झोपी जातात तेव्हा

चेन्नईजवळच्या सिरुसेरीला संगणक कंपनीत नोकरीसाठी गेलेला मुलगा आईला फोनवर सांगतो, ‘‘खोकला थांबला, वजनही वाढलं. आता गोळ्या बंद केल्यात.’’ क्षयाचे औषध सुरू होऊन जेमतेम दोन महिने झालेले असतात. आईलाही हायसे वाटते. मग डॉक्टर सहा महिन्यांचा हट्ट का धरतात? त्याचे उत्तर जंतूंच्या एका सवयीत दडले आहे.

जंतू मोठा काटकसरी. लागेल तेवढीच शेगडी पेटवायची, बाकीच्या बंद! क्षयाच्या जंतूजवळ सुमारे 4,000 जनुके असतात. जनुक म्हणजे बहुधा एखादे प्रथिन तयार करण्याची पाककृती. पण सगळे पदार्थ एकदम कोण रांधील? ही चालू-बंद करण्याची युक्ती फ्रान्सच्या झाकोब आणि मोनो यांनी 1961 साली उलगडली. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूला दुधातली साखर मिळत नसेल, तर ती पचवणाऱ्या जनुकांवर एक प्रथिन कुलपासारखे बसून राहते. साखर आली की कुलूप निघते. या शोधाला 1965 मध्ये नोबेल मिळाले.

क्षयाचा जंतू नजर ठेवतो ती प्राणवायूवर. फुफ्फुसात आपल्या रक्षक पेशी त्याला वेढतात, तिथे प्राणवायू कमी पडतो. जंतूची दोन प्रथिने ही टंचाई ओळखून तिसऱ्याला जागे करतात आणि ते तिसरे सुमारे 50 जनुके चालू करते. जंतू वाढणे थांबवून तग धरून बसतो. या तिसऱ्या प्रथिनाचे नाव ‘देव-आर’! दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. जया त्यागी यांच्या गटाने त्यावर मोलाचे काम केले आहे.

आता गोळ्यांकडे वळू. आयसोनियाझिड जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही. पण ज्याचे बांधकामच बंद, त्याचे ते काय बिघडवणार? रिफॅम्पिसिन मात्र जनुके वाचणारे यंत्रच अडवते. त्यामुळे अधूनमधून डोळे उघडणारे जंतूही त्याच्या तावडीत सापडतात, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. मध्येच सोडले तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि कधी कधी औषधाला दाद न देणारे होऊन!

पूर्वी क्षय झाला की मिरजेजवळच्या वान्लेसवाडीसारख्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने राहावे लागे. 1956 मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोग केंद्र निघाले. तिथल्या अभ्यासाने 1959 मध्ये दाखवून दिले की, घरी राहून औषध घेणारा रुग्णही जवळजवळ तितकाच बरा होतो. तेव्हा उपचार वर्षभराचे होते. रिफॅम्पिसिनसारखी औषधे आल्यावर ते सहा महिन्यांवर आले.

गोळ्या चालू असताना डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि नोकरीचे गाव बदलले, तरी उपचार तिथल्या केंद्रात पुढे चालू ठेवता येतात.