वहीतून भिंतीवर आलेले जलरंग

जलरंग म्हटले की हातात मावेल एवढा कागद डोळ्यांसमोर येतो. अठराव्या शतकातल्या युरोपातही त्यांची धाव बहुधा तेवढीच होती: नकाशे, इमारतींची रेखाटने, प्रवासातल्या वह्या. भिंतीवरचा मान तैलरंगांचा. तरीही शतक सरता सरता इटलीतल्या धबधब्यांची आणि पडक्या देवळांची मीटरभर रुंद जलरंगचित्रे इंग्रज उमरावांच्या वाड्यांत लागली. याचे श्रेय चित्रकाराच्या प्रतिभेला दिले जाते. माझ्या मते त्यात गिऱ्हाइकाचाही तितकाच वाटा आहे.

शिक्षणाची सांगता म्हणून इटली पाहून येणे हा त्या वर्गाचा शिरस्ता होता आणि पाहिलेले घरी मिरवायचेही असे. स्विस चित्रकार लुई द्यूक्रो १७७६ पासून रोममध्ये होता. व्होल्पातो या खोदकामकाराबरोबर तो रोमची दृश्ये छापून, हाताने रंगवून विकत असे. भिंतीसाठी मात्र तेवढ्याने भागेना. कागद हाताने, साच्यातून निघे. ताव साच्याहून मोठा होणे अशक्य. द्यूक्रोने अनेक ताव जोडून कापडावर चिकटवले, सावल्या गडद करायला डिंक आणि उजेडासाठी अपारदर्शक रंग वापरला. रिचर्ड कोल्ट होर या इंग्रज उमरावांनी अशी चित्रे घेऊन विल्टशरमधल्या स्टॉरहेड वाड्यात लावली.

ही तैलरंगांची नक्कल झाली, जलरंगांचा पारदर्शकपणाच गमावला, असा आक्षेप घेता येईल. पण दालनाच्या पलीकडून पाहायच्या चित्राला फिकट रंग भरलेली रेषा पुरत नाही. तिथे सावलीला वजन लागते. ते वजन जलरंग पेलू शकतात, हे आकार वाढल्यामुळेच सिद्ध झाले. रंगवलेल्या रेखाटनाकडून खऱ्या चित्राकडे झालेल्या या वाटचालीचे श्रेय खुद्द होर यांनी पुढे द्यूक्रोला दिले आणि तरुण इंग्रज चित्रकार टर्नरकडून सॅलिसबरी कॅथेड्रलची मोठी जलरंगचित्रेही करवून घेतली. इंग्रज जलरंगकार जॉन रॉबर्ट कोझेन्सने लहान कागदावरही तेच वजन साधले होते, हे खरे. पण १७८२ साली तोही इटलीला गेला तो बेकफर्ड या धनाढ्य इंग्रजाच्या लवाजम्यातूनच. १८०४ साली लंडनच्या जलरंगकारांनी स्वतःची संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी स्वतंत्र प्रदर्शन भरवले. भिंतीवर जागा मागण्याचा धीर त्यांना आला, कारण प्रवासी उमरावांनी ती आधीच मोकळी करून दिली होती.