कॅबिनेट उघडं, चिपसेट उपाशी

चैत्र लागला की शिरूर-दौंडच्या फोटो स्टुडिओंमध्ये कॉम्प्युटरची एक बाजू हमखास उघडी दिसते. काढलेला पत्रा भिंतीला टेकवलेला आणि समोर टेबल फॅन. मशीन म्हणजे पुण्याहून आणलेलं जुनं वर्कस्टेशन, त्यात नंतर घातलेला सहा कोअरचा झिऑन आणि भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. लग्नसराईत रात्रभर रेंडर चालतो, पहाटे मशीन झोपतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "उघडंच ठेवलंय की, हवा लागते." दर उन्हाळ्यात हे ऐकतो, आणि आता ऐकवत नाही.

आधी तापतं कोण ते पाहू. एचपी झेड६००, झेड८०० किंवा डेलचं टी५५०० ही २००९ची मशीन, त्यांत इंटेलचा ५५२० चिपसेट. त्या पिढीत मेमरीचा कारभार प्रोसेसरकडे गेला, पण ग्राफिक्स कार्डाच्या पीसीआय एक्सप्रेस लेन चिपसेटकडेच राहिल्या, तब्बल ३६. विश्वास नसेल तर इंटेलची डेटाशीट उघडा: ५५२०ची टीडीपी, म्हणजे बाहेर काढावी लागणारी उष्णता, २७.१ वॅट, त्याच्या धाकट्या भावाची, एक्स५८ची, २४.१. पुढच्या पिढीत या लेनही प्रोसेसरमध्ये गेल्या आणि एक्स७९ ७.८ वॅटवर उतरला. एवढी उष्णता काढायला जुन्या चिपसेटवर बहुधा नुसता ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो, पंखा नाही. तो जगतो दुसऱ्यांच्या हवेवर.

ही हवा पुढच्या जाळीतून आत येते, काळ्या प्लॅस्टिकच्या डक्टमधून वाट काढते आणि मागून बाहेर पडते. बाजूचा पत्रा हा त्या बोगद्याची एक भिंत आहे. तो काढला की हवा जवळची वाट धरते, बाजूनेच निसटते. प्रोसेसरला स्वतःचा पंखा असतो, त्याचा आकडा चार-दोन अंशांनी उतरतो आणि मालक खूश. पण ग्राफिक्स कार्डाच्या आडोशाला बसलेल्या चिपसेटजवळची हवा हलतच नाही. टेबल फॅनचा झोत येतो तो कार्डावर आपटून वळतो. खात्री हवी तर अर्धा तास तोच रेंडर लावा, एकदा पत्रा बसवून, एकदा काढून, आणि प्रोसेसरचा नव्हे, चिपसेटचा आकडा लिहून ठेवा. ज्या स्वस्त डब्यात पुढे जाळी नाही, पंखा नाही, त्याला उघडं ठेवून फायदा होतो, हे मान्य. पण तो डब्याचा दोष.

शिवाय धूळ. उसाच्या फडात पाचट पेटलं की त्याची काळी राख खिडकीतून थेट टेबलावर येते. दौंडच्या एका स्टुडिओत मी कार्ड उपसलं तेव्हा खालच्या हीटसिंकच्या पात्या दिसेचनात, वर गोधडीच्या अस्तरासारखा सलग थर. चिमटीत धरून उचलला तर अख्खा निघाला.

दुसरा लाडका उपाय लिक्विड कूलर. असेंबल केलेल्या एक्स५८ बोर्डावर प्रोसेसरचा खाली फुंकणारा जुना पंखा काढून तो बसवतात. त्या पंख्याची उष्टी हवाच चिपसेटला मिळत होती, तीही बंद! तिथे कार्डाशेजारी आठ-बारा सेंटिमीटरचा साधा पंखा झिप-टायने बांधा, काम होतं.

बाकीचे गैरसमज भराभर. चिपसेट सत्तर अंशांवर म्हणजे जळालाच? नाही, मे महिन्यात खोलीच चाळिशीला असते आणि कुठलाही पंखा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. थर्मल पेस्ट जास्त लावली की जास्त थंड? थर जाड झाला तर उष्णता अडते. मात्र दहा-पंधरा वर्षांचा वाळलेला पॅड बदलाच. सॉफ्टवेअर १२७ अंश दाखवतंय? तो बहुधा न जोडलेला सेन्सर असतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर बेअरिंग जातं. थर्मल पेस्टऐवजी टूथपेस्ट लावणाऱ्यांबद्दल बोलतच नाही.

त्या दौंडच्या मशीनमध्ये डक्ट नव्हताच. "ते प्लॅस्टिक? उगाच अडचण होत होती," मालक म्हणाले. शोधला तेव्हा काउंटरखाली सापडला. त्यात कॅमेऱ्याचे सेल, दोन मेमरी कार्डं आणि अगरबत्तीचा पुडा व्यवस्थित लावून ठेवलेला होता.