जुना पीसी, लिनक्स आणि पोरांचे गेम्स



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. बरेच जुने पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मग ते टाकून द्यायचे? थांबा जरा.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं 'वाईन' १९९३ पासून आहे, पण गेम्सच्या बाबतीत खरा फरक पडला ऑगस्ट २०१८ मध्ये. व्हॉल्व्ह कंपनीने स्टीममध्ये 'प्रोटॉन' आणलं. गेम विंडोजचाच, पण त्याच्या डायरेक्टएक्सच्या सूचना वल्कनमध्ये बदलून ग्राफिक्स कार्डाकडे जातात. दुभाषाच म्हणा ना! २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक याच जोरावर चालतो. अर्थात, तुमच्या कार्डाला वल्कन यायला हवं.

आता गोम. फोर्टनाइट, व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाहीत. खेळातली लबाडी पकडणारी यंत्रणा कंपन्यांनी या गेम्ससाठी लिनक्सवर उपलब्ध केलेलीच नाही. तिथे दुभाषा काय करणार? त्यासाठी विंडोजच लागतं.

तेव्हा आधी पोरांकडून गेम्सची यादी घ्या, प्रोटॉनडीबीवर एकेक नाव तपासा, आणि मगच ठरवा. नव्या पीसीवर विंडोज, जुन्यावर लिनक्स, असे दोघे एका घरात सुखाने नांदतात!