बेटावरचें बंदर आणि वऱ्हाडचा कापूस

अमरावती-अकोल्याच्या आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाहीं. परंतु बंदर नाहीं, असें मात्र म्हणतां यावयाचें नाहीं. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली आणि अकोला, बडनेरा हीं स्टेशनें मुंबईच्या बेटाशीं जोडलीं गेलीं. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या आपल्या कापसाच्या गाठी त्याच बेटावरून परदेशीं गेल्या.

बंदर म्हणजे खोल पाणी आणि चार धक्के, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः बंदर म्हणजे एकमेकांवर विसंबणाऱ्या अनेक धंद्यांची सांखळी होय. जहाज जवळ आलें कीं प्रथम त्यावर वाटाड्या चढतो. खडक आणि गाळ चुकवून तें आंत आणणें हें त्याचें काम. लहान पण जोरकस बोटी जहाजाला ओढून गोदीच्या तोंडाशीं आणतात. मुंबईस ओहोटीचें पाणी पुष्कळच खालीं जातें. म्हणून गोदीला दरवाजे बसवून भरतीचें पाणी आंत अडवून धरावें लागे, नाहींतर जहाज चिखलांत रुतावयाचें. अशी पहिली गोदी ससून घराण्यानें १८७५ सालीं कुलाब्यास बांधली, आणि तीही मुख्यतः कापसाच्या व्यापारासाठीं. पुढें प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि १९१४ सालीं अलेक्झांड्रा या गोद्या झाल्या. सुकी गोदी ती निराळी. तींत पाणी उपसून जहाजाचा तळ खरवडतात व दुरुस्त करतात. याशिवाय हमाल, यारीवाले, तोलणारे, जकातीचे अंमलदार, गोडें पाणी पुरविणारे, बंबवाले, असे किती सांगावे!

ही सांखळी तुटली म्हणजे काय होतें, तें १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत दिसलें. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर दारूगोळा होता, आणि कराचीस त्याच जहाजांत कापसाच्या हजारों गाठी भरल्या होत्या. स्फोटक माल गोदीबाहेरच उतरवावयाचा, हा नियम युद्धाच्या घाईंत शिथिल झाला होता. दुपारीं कापसानें पेट घेतला. दाबून बांधलेली गाठ आंतल्या आंत धुमसत राहते, वरून पाणी ओतून ती सहजीं विझत नाहीं, हें जिनप्रेस पाहिलेल्या वऱ्हाडकरास सांगावयास नको. बंबवाले झुंजत होते. पण जहाज तेथेंच बुडवावें कीं बाहेर ओढून न्यावें, याचा निश्चित हुकूम कोणीच दिला नाहीं. चारच्या सुमारास स्फोट झाला. शेंकडों माणसें मृत्यु पावलीं. त्यांत ६६ बंबवाले होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा दिवस पाळतात.

आतां प्रिन्सेस व व्हिक्टोरिया गोद्या बुजविल्या गेल्या आहेत, ससून गोदीवर मासळी उतरते, आणि १९८९ पासून खाडीपलीकडे न्हावा शेवा येथें नवें बंदर चालूं आहे. यंत्रें बदललीं, सांखळी तीच आहे. निर्यातीच्या गाठीला मिळणाऱ्या भावामागें शेतकऱ्याच्या घामाबरोबर या अनोळखी माणसांची दक्षताही असते. ती दक्षता सुटली तर हानि केवळ बंदराची होत नाहीं, एवढें आपण ध्यानीं ठेवावें.